मामा, माझे घोडे किती?

बिश्केक, ४ जून

तोक्तोसुन मामा,

जीव आणि जनावरं, दोन्ही सुखरूप ना? मामीच्या दाढेचं काय झालं? तालाय कुमीसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कॅन भरायला ट्रक घेऊन वर येईल, तेव्हा हे पत्र देईल. त्याच्याजवळ चहा आणि साखरही दिली आहे. साखर बघून घ्या. मागच्या खेपेला ती रस्त्यातच बरीच आटली होती.

आता मुद्द्यावर येते, कारण मला बसवत नाहीये. गेल्या महिन्यापासून मी दर बुधवारी एका वर्गाला जाते. आमच्या घराजवळच्या वाचनालयात भरतो. नोकरी करणाऱ्या मुलामुलींना पैसा कसा सांभाळावा ते शिकवतात. हसू नका. शिकवणाऱ्या गुल्झान बाई आधी बँकेत होत्या, त्यामुळे सगळ्यांकडे कर्ज मागायला आल्यासारखंच बघतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पगार आला की आधी थोडा बाजूला काढायचा आणि उरलेल्यात जगायचं. तुम्ही आधी जगता आणि मग काही उरलंय का ते बघता." सगळ्यांनी माना खाली घातल्या.

काल त्यांनी प्रत्येकाला आपल्या मालकीचं काय काय आहे ते लिहायला लावलं. कुणाचा फोन, कुणाची जुनी गाडी, एकाची तर फक्त गिटार. मी लिहिलं: बँकेत चौदा हजार सोम, एक शिवणयंत्र, सात घोडे. वाचून दाखवलं आणि वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत.

"कुठे असतात घोडे?"

"मामाकडे. उन्हाळ्यात सोन-कुलच्या कुरणावर."

"शेवटचे कधी पाहिलेस?"

मी बोटांवर वर्षं मोजली. मामा, मी आईच्या वर्षश्राद्धाला आले होते, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हाही घोडे बघायला कुठे सवड होती?

मी पाच वर्षांची असताना तुमच्या तांबड्या शिंगराच्या गळ्याला मिठी मारून बसले आणि सुटेना. बहिणीच्या लेकरानं मागितलेलं जनावर नाकारायची आपल्यात सोय नाही, म्हणून तुम्ही हात जोडलेत आणि ते देऊन टाकलंत. हे आई मला झोपताना सांगायची. त्या तांबडीला पिल्लं झाली, त्यांना पिल्लं झाली. दोन वर्षांपूर्वी नूरूजला, नव्या वर्षाच्या सणाला, तुम्ही शहरात आलात तेव्हा जेवताना तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात की माझ्या भाचीचे सात घोडे आहेत. बाकीच्या पोरांची बचत बँकेत वाढते, माझी गवतावर वाढते, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगत असते.

तर मामा, आता माझे घोडे किती? नुसता आकडा कळवा.

तुमची पेरिझात

*

सोन-कुल, १६ जून

पेरी बाळ,

पत्र मिळालं. साखर या वेळी आटली नाही, चहा मात्र थोडा उडालेला दिसतोय. तालाय म्हणतो की पाकीट फाटकंच होतं.

इकडे परवा बर्फ पडला आणि दुपारी वितळलाही. गवत बरं आहे. तळ्याच्या पलीकडे दोन नवे तंबू आलेत, लोक चांगले आहेत पण कुत्री वाईट आहेत. तुझ्या मामीचा आवाज त्या कुत्र्यांपेक्षा मोठा आहे म्हणून आपली मेंढरं सुरक्षित आहेत.

घोड्यांचं म्हणशील तर घोडे गवतावर आहेत. चरत्या जनावरांना मोजू नये, नजर लागते. तुझ्या आजोबांनी आयुष्यात कधी मोजले नाहीत. संध्याकाळी कळपाकडे बघायचे आणि म्हणायचे, आहेत. तशी माझीही सवय आहे. तुझ्या बाईंना सांग, घोडे म्हणजे काही शेल्फावरची भांडी नव्हेत. एक शिंगरू फार खोडकर निघालंय, कपाळावर चांद आहे, ते तुझंच.

तुझं सांग. खिडक्या विकल्या जातात ना? पगार वेळेवर होतो? मागे पंचावन्न हजार म्हणाली होतीस, आता वाढला असेल. खाली कोचकोरला लोक विचारतात, मी सांगतो. सांगायला बरं वाटतं. असा पगार महिन्याच्या कितव्या तारखेला होतो? सहज विचारतोय.

तुझा मामा

मामीकडून: एवढं पत्र लिहायला याला दोन दिवस लागले. मध्येच उठून बाहेर जायचा आणि डोंगराकडे बघत बसायचा. तू विचारलंयस ते त्यानं सांगितलंय का, ते तूच बघ. माझी दाढ आहे तशीच आहे. एका बाजूनं चावते. मटण मऊ शिजवायचं, एवढंच.

*

बिश्केक, २७ जून

मामा,

पत्र चार वेळा वाचलं. त्यात बर्फ सापडला, कुत्री सापडली, आजोबा सापडले. आकडा सापडला नाही.

पण एक गोष्ट माझ्या चांगली ध्यानात आली आहे. पगार किती, वाढला का, कितव्या तारखेला होतो! मामा, तुम्ही मला कुणाला दाखवताय ना? कोचकोरला कोण विचारतंय? जो कोणी असेल त्याला कळवा की मुलीला पगार भरपूर आहे, वेळेवर होतो, आणि लग्नाला तिची तयारी नाही. पगार वाढलाच आहे असं समजा. खिडक्यांचं काय, थंडी कुणाला चुकली आहे?

लग्नापेक्षा मोठं काम काढलंय मी. माझ्या खोलीत राहणारी सेझिम तुम्हाला आठवते? हॉटेलातल्या लोकांचे कपडे शिवायचं दुकान टाकतेय ती. एप्रन, टोप्या, बल्लवाचे डगले. गिऱ्हाईक तयार आहे. मला भागीदार घेतेय. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत माझा वाटा तीन लाख सोम भरायचा आहे. तेवढा भरला की दुकानाच्या पाटीवर माझं नाव, नाहीतर सेझिमची मावसबहीण टपलेली आहेच. गुल्झान बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आधी तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेव. घर, खाणं, आजारपण. तो ठेवून झाला की मग धंद्यात घाल. आणि सगळं एकाच ठिकाणी घालू नकोस." बाई फार सावकाश चालतात. तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत मी म्हातारी होईन. मी चोवीस वर्षांची आहे मामा. रोज सकाळी फोनवर लोकांना विचारते, खिडकी पांढरी हवी की तपकिरी? रात्री झोपेतही विचारते म्हणे, सेझिम सांगते.

म्हणून ठरवलंय. माझे घोडे विका. सातही नको, तीन-चार पुरेत. बाकीचे वाढू देत. तुम्ही भाव सांगा.

पेरिझात

*

सोन-कुल, १३ जुलै

पेरी बाळ,

लग्नाचं तूच काढलंस, मी काढलेलं नाही. तरी चांगला मुलगा असला तर कळव.

आता नीट ऐक. जुलैत घोडा कुणी विकतं का? बरगड्या अजून दिसतात. सप्टेंबरच्या शेवटी अंगावर चरबी चढते तेव्हा भाव येतो. आत्ता विकला तर घेणारा हसेल आणि विकणारा रडेल. थोडी थांब. शहरात माणसं थांबायला विसरतात. इथे गवत आपल्या वेळेनंच येतं, त्याला फोन करता येत नाही.

तुझ्या बाईंचं ते तीन महिन्यांचं बोलणं मला पटलं. आमच्याकडे त्याला गवत म्हणतात. हिवाळ्याआधी जो गवत साठवून ठेवत नाही त्याचा कळप बर्फाच्या स्वाधीन असतो. गेला हिवाळा कसा गेला ते तुला लिहिलं नव्हतं. बर्फावर पाऊस पडला आणि वर काचेसारखा थर धरला, जनावरांना खूर मारून फोडता येईना. गवत संपलं. गवत विकत घ्यावं लागलं. जोल्दोशकडून घेतलं. माणूस चांगला आहे, घाई करत नाही, पण ऑगस्टची आठवण करून देतो.

तुला एक विचारायचं होतं. राहू दे, भेटीत विचारीन.

मामा

मामीकडून: विचारायचं ते तो भेटीतही विचारणार नाही. पोरी, तू मागे हातमोजे पाठवलेस, रुमाल पाठवलास, या खेपेला मधाचा डबा. आम्ही मध खातो आणि मामा सगळ्या कुरणाला सांगतो की आमची भाची मध पाठवते. तू एकदा स्वतःला पाठव. ये आणि बघ. याहून जास्त मी लिहीत नाही, कारण पत्र तोच बंद करणार आहे.

*

बिश्केक, २३ जुलै

मामा,

मामी काय सांगायचा प्रयत्न करतेय? तुम्ही पत्र बंद करण्याआधी वाचलंत ना तिचं?

मी सरळच लिहिते. सेझिमला आधीच साठ हजार दिलेत. माझ्याकडचे नव्हते. फोनवर कर्ज घेतलं. बटण दाबलं आणि आलं. हमी नको, कागद नको. व्याज रोजच्या रोज चढतं, रोज फोन उघडला की आकडा वेगळा दिसतो. मला भीती नव्हती वाटली, कारण मनात म्हटलं माझ्यामागे सात घोडे उभे आहेत. आता रात्री उठून फोन बघते आणि वाटतं, मागे वळून बघावं तर कुणीच उभं नसेल.

वर्गात बाईंनी विचारलं की कुणाकुणावर रोज व्याज चढणारं कर्ज आहे, हात वर करा. मी हात वर केला नाही. शेजारच्या पोरानं केला, बाई त्याच्याजवळ जाऊन बराच वेळ शांतपणे बोलल्या. मी त्याचा हेवा करत बसले.

आकडा कळवा मामा. कितीही असो.

पेरिझात

*

सोन-कुल, ३ ऑगस्ट

मामा,

हे काय केलंत? काल दुपारी मी तुमच्या तंबूच्या दारात उभी राहिले आणि मामी म्हणाली, "अगं, तो तर सकाळी तालायच्या ट्रकमधून तुझ्याकडे गेला." मी कोचकोरहून वर येत होते तेव्हा खिंडीत एक ट्रक उतरताना दिसला होता. धूळ नको म्हणून मी काच वर केली. त्यात तुम्ही होतात!

मामी रागावली नाही. आधी हसली, मग मला जेवायला बसवलं, मग समोर बसून चहा ओतत राहिली. मी म्हटलं, "मामी, घोडे दाखव."

आम्ही चालत गेलो. तळ्याकाठी कळप होता. बघूनच माझा जीव भांड्यात पडला. चाळीसेक तरी घोडे होते. मी म्हटलं, "यात माझे कुठले?" मामी म्हणाली, "हे सगळे गावातल्यांचे. तुझा मामा पैसे घेऊन राखतो. आपले ते दोन, करडा त्याच्या बसायचा आणि ती तिकडची. ती तुझी." कपाळावर चांद असलेली दोन वर्षांची घोडी आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"बाकीचे?"

"दोन हिवाळ्यात गेले."

"तांबडी?"

मामीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं दाढ दुखतेय.

मामा, मामीनं सांगितलं. आईच्या वर्षश्राद्धाला घोडा कापायला हवा होता आणि तुमच्याकडे कापण्याजोगा दुसरा नव्हता. माणसं येणार, तुमच्या बहिणीचं जेवण. मी आले तेव्हा कढया चढलेल्याच होत्या. ताटं मी वाढली, मामा. म्हाताऱ्यांच्या पुढे मांस ठेवून मी म्हणत होते, घ्या ना अजून, चांगलं लुसलुशीत आहे. मीही खाल्लं. माझी तांबडी, सोळा वर्षांची माझी बचत, मी माझ्याच हातानं वाढून संपवली आणि बोटं चाटली.

मी तळ्याकाठी बसून रडले. रागानं सुरुवात केली होती, पण मध्येच आईची आठवण आली आणि राग कुठे गेला कळलं नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. एवढंच मला लागलंय. विचारलं नाहीत.

"आणि सात कुठून आले?" मी मामीला विचारलं. "सात कधीच नव्हते. तेव्हा तीन होते," मामी म्हणाली. "पाहुणे बसले की तुझ्या मामाच्या घोड्या व्यायला लागतात." मी रडता रडता हसले, मग मामीही हसली आणि दाढ धरून बसली.

जोल्दोशच्या गवताचंही सांगितलं तिनं. तुम्ही त्याला म्हणालात, भाची देईल, तिला पंचावन्न हजार पगार आहे. मामा, मला मार्चपासून पगारच नाही. जेवढ्या खिडक्या विकेन तेवढे पैसे. जूनमध्ये अठ्ठावीस हजार झाले, त्यातलं निम्मं भाडं. मध मी अर्ध्या किमतीत घेतला होता, डबा चेपलेला होता म्हणून. मी तुमच्या घोड्यांवर कर्ज काढलं आणि तुम्ही माझ्या पगारावर गवत. आता आपण दोघं कुठे उभे आहोत ते तुम्ही शहरात बघाल, मी इथे बघते आहे.

उद्या तालाय वर येईल तेव्हा मी त्याच्याबरोबर उतरते. आज संध्याकाळी त्या घोडीला जवळून बघायला जाणार आहे. ती मला जवळ येऊ देत नाही.

पेरिझात

*

बिश्केक, ३ ऑगस्ट

पेरी बाळ,

तू वर आणि मी खाली. फोन लावला तर कुठलीशी बाई म्हणते, संपर्क होत नाही. तुझी मैत्रीण सेझिम हसते आहे. मला हसू येत नाही.

तुझ्या कचेरीत गेलो. तिथे एकच मुलगा बसला होता. मी म्हटलं, पेरिझातचा मामा आहे, तिचा पगार कधी होतो? तो म्हणाला, "आजोबा, इथे पगार कुणाला होतो?" मी खुर्चीत बसलो. त्यानं मला पाणी दिलं आणि जाताना खिडकीची किंमत सांगितली, बहुतेक सवयीनं.

मग तुझ्या खोलीवर आलो. तीन मुली, दोन पलंग. एकीनं जमिनीवर झोपायचं, आणि ती आठवड्याला बदलते, असं सेझिम सांगत होती. या आठवड्यात तुझी पाळी होती. मी गादी उचलली नाही. चहाबरोबर तिनं शेवयांचं पाकीट उकळून दिलं आणि म्हणाली, आम्ही हेच खातो. चांगल्या होत्या. मी दोनदा चांगल्या होत्या म्हणालो, त्यामुळे तिनं आणखी दिल्या.

तुझ्या खिडकीत चार डबे आहेत. त्यांवर चिठ्ठ्या लावल्यात. भाडं. खाणं. तीन महिने. चौथ्यावर लिहिलंय, मामीचे दात. मी कुठल्याच डब्याला हात लावला नाही. पण चौथा उचलून बघितला, खोटं कशाला बोलू. जड होता. तिसऱ्यापेक्षा जड.

डबा जागेवर ठेवताना खिडकीबाहेर नजर गेली. खाली मोटारी होत्या. मी शहरात कशासाठी आलो होतो ते सेझिमला सांगितलं नाही. तुला सांगतो. गवताचे पैसे मागायला आलो होतो. नव्वद हजार. ट्रकमध्ये सबंध रस्ताभर शब्द जुळवत होतो.

तांबडीचं मामीनं एव्हाना सांगितलंच असेल. तुझ्या आईची शपथ, ती कापायची नव्हती मला. कापायच्या आदल्या रात्री दोनदा तुला फोन करायला टेकडीवर चढलो, एकदा लागलाच नाही, एकदा लागला आणि तू झोपेत म्हणालीस, मामा, पांढरी हवी की तपकिरी. मी ठेवून दिला. मला तोंड नव्हतं. तेव्हापासून मी तुझे घोडे बोलण्यात वाढवत राहिलो. वाटायचं, बोलता बोलता खरेच होतील, एका वर्षात दोन शिंगरं झाली की झालं.

तुझं मागचं पत्र मी निघेपर्यंत मिळालं नव्हतं, कर्जाचं सेझिमनं सांगितलं. करडा विकतो. तो चांगली चाल चालतो, त्याला ओळखतात, भाव येईल. वाद घालू नकोस.

चावी शेजारणीकडे ठेवतो. शेवयांचं एक पाकीट नेतो आहे, तुझ्या मामीला दाखवायला.

मामा

*

बिश्केक, ६ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र उशीखाली सापडलं. उशी जमिनीवर होती.

करडा विकायचा नाही. करडा नसेल तर कळप कशावर बसून राखाल? गावातल्यांचे घोडे राखायचे पैसे बंद, मग गवताचे कुठून द्याल? हे मला बाईंनी शिकवलं. ज्याच्यावर पोट चालतं ते आधी विकू नका. काल मी वर्गात हात वर केला. बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "रोज कुठलं कर्ज वाढतं आणि कुठलं नुसतं उभं असतं?" फोनचं वाढतं. गवताचं उभं आहे. "मग आधी वाढणारं." बाई एवढंच म्हणाल्या आणि मी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

सेझिमशी बोलले. पैसे परत देता येत नाहीत, यंत्रं आली आहेत. तीन लाख भरणं होणार नाही, पाटीवर माझं नाव येणार नाही. त्याचं वाईट वाटतंय, फार वाटतंय. पाटीचा रंगही ठरवला होता मी. साठ हजारांचा छोटा वाटा तेवढा लिहून दिलाय तिनं, आणि रोज संध्याकाळी टोप्यांना काठ घालायचे, त्याचे पैसे वेगळे.

तिसरा डबा उघडला. पुरत नाही. चौथा मला उघडवत नाही. मामीला विचारून कळवा. विचारून, मामा.

पेरिझात

*

सोन-कुल, २१ ऑगस्ट

पेरिझात,

आज मीच लिहिते. मामा घोड्यांकडे गेलाय.

चौथा डबा आजच्या आज उघड. माझ्या दाढेला रोज व्याज चढत नाही. ती इतकी वर्षं दुखते आहे, तिला सवय आहे. तू डब्यावर माझे दात लिहून ठेवलेस हे ऐकून मी तुझ्या मामासमोर रडले. त्यानं ते दोन कुरणांवर सांगितलं आहे. आता पाहुण्यांसमोर माझे दात वाढायला लागतील, बघ.

तो जोल्दोशकडे गेला होता. सगळं खरं सांगून आला. भाचीला पगार नाही, घोडे मेले, ऑगस्टला पैसे नाहीत. बाहेर उभा राहून बोलला, आत बसलाच नाही. जोल्दोशनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तोक्तोसुन, तुझ्या भाचीच्या पगारावर गवत कोण देतं? मी तुझ्याकडे बघून दिलं. या हिवाळ्यात माझे बारा घोडे राख, गवताचं फिटलं." तुझा मामा परत आला तेव्हा त्याला राग आला होता. म्हणे त्याला आधीपासून माहीत होतं की पगार नाही! मी म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं, तू आणि तुझी भाची सोडून.

शेवया मी खाल्ल्या. चावायला लागत नाहीत. चार पाकिटं पाठव.

मामी

*

बिश्केक, ८ ऑक्टोबर

मामा, मामी,

तुम्ही आता खाली गावात उतरलात, फोन लागतो, तरी पत्रच लिहिते. फोनवर मामा विषय बदलतात आणि मामी फोन दूर धरून ओरडते.

थंडी सुरू झाली आणि खिडक्या सुटल्या. सप्टेंबर बरा गेला. संध्याकाळी टोप्यांना काठ घालते, माझ्या बोटांना सुया लागतात. फोनचं कर्ज परवा फिटलं. शेवटचा हप्ता भरला आणि फोन हातात धरून बसले, वाटलं आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. सेझिम म्हणाली, झोप. पण मला झोप आली नाही, मामा. इतके दिवस घाई करायची सवय लागलेली, आता कशाची घाई करू ते कळेना. उठले आणि रिकामे डबे धुऊन ठेवले. सकाळी पहिले पैसे चौथ्यात टाकले. मामी, नाही म्हणू नकोस, तिसऱ्यातही टाकलेत. मी शिकले आहे.

मामा, तांबडीबद्दल मी आता रागावलेली नाही. आईला तिच्या भावानं उपाशी वाटेला लावलं नाही, हे चांगलंच झालं. फक्त यापुढे घोडा मेला तर मेला म्हणून कळवा. जिवंत आहे असं सांगून मला श्रीमंत करू नका. मीही तुम्हाला माझी खरी कमाई कळवत जाईन, दर महिन्याला, कमी असली तरी.

काल वर्गाचा शेवटचा बुधवार होता. बाईंनी पुन्हा तोच कागद दिला, आपल्या मालकीचं काय काय आहे ते लिहा. मी लिहिलं: कर्ज नाही. चार डबे, दोन रिकामे. सेझिमच्या दुकानात छोटा वाटा. एक शिवणयंत्र. घोडा, एक.

वाचून दाखवलं. या वेळी कुणी मोठ्यानं हसलं नाही, पण तो गिटारवाला गालातल्या गालात हसत होता. बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "एक? पाहिला आहेस?"

ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी तळ्याकाठी मी त्या चांदवाल्या घोडीच्या गळ्याला मिठी मारायला गेले होते, पाच वर्षांची असल्यासारखी. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मी बाही कोपरापर्यंत वर केली आणि बाईंना तिच्या दातांची खूण दाखवली.

तुमची पेरिझात